अकरा अनंतांचा माळी

आमच्या वसाहतीच्या माळ्यावर माझा पहिल्या दिवसापासून विश्वास नव्हता. यात त्याचा दोष नाही. माझा कोणावरच नसतो. छत्तीस वर्षं मी शाळेत काढली, त्यातली शेवटची चौदा पर्यवेक्षिका म्हणून. परीक्षेच्या वर्गात मागच्या दाराशी उभं राहून नुसत्या मानेवरून कोण कॉपी करतंय हे ओळखायची सवय एकदा लागली की ती पेन्शनसारखी मरेपर्यंत चालू राहते. आमचे हे म्हणतात, तुला कोणी सुप्रभात म्हटलं तरी तू आधी घड्याळ बघतेस. बघते. कारण लोक साडेदहालाही सुप्रभात म्हणतात.

तर हा माळी. पन्नाशीचा, किडकिडीत, कमरेत थोडा वाकलेला. डोक्याला एक कापडी टोपी, तिची कड उसवून उसवून आता नुसते दोरेच लोंबत होते. मुळात तो माळी नव्हताच. सतरा वर्षांपूर्वी आमच्या चार इमारती उभ्या राहिल्या तेव्हा तो फरशी बसवणाऱ्यांच्या टोळीत होता. काम संपलं, टोळी गेली, हा राडारोडा उचलायला म्हणून चार दिवस मागे राहिला आणि राहूनच गेला. त्याला नेमलं कोणी, हे आजतागायत कोणालाही सांगता येत नाही. पहिले सेक्रेटरी म्हणत बिल्डरनं ठेवला, बिल्डर म्हणे सोसायटीनं ठेवला. मला तेव्हाच वाटलं होतं, गडी दिसतो तितका साधा नाही.

आमची बाग चारही इमारतींची सामायिक आहे. सामायिक म्हणजे फूल तोडताना सगळ्यांची आणि गवत उपटताना कोणाचीच नाही. विटांचे तुकडे आणि सिमेंटचे गोळे वेचून त्यानं ती जमीन तयार केली, हे मात्र मी डोळ्यांनी पाहिलंय. फरशीवाला असल्यामुळे प्रत्येक वाफा तो पाणसळ लावून सारखा करायचा. खिशात खुरपं नसेल एक वेळ, पण पाणसळ असायचीच. पावसाचं पाणी कुठून येईल आणि कुठून जाईल हे त्याला तोंडपाठ होतं. "पाण्याला वाट पाहिजे," एवढं एक वाक्य तो न विचारता बोलायचा. बाकी बोलणं म्हणजे विचारलं तर उत्तर, तेही कात्री लावलेलं.

त्याची एक खोड होती. रोज सकाळी सात वाजता तो बागेतून फिरायचा आणि एकेका झाडाच्या बुंध्याशी बसून उजव्या हाताचं बोट मातीत दुसऱ्या पेरापर्यंत खुपसायचा. बोट बाहेर काढायचं, बघायचं, पँटीला पुसायचं आणि पुढच्या झाडाकडे जायचं. मग पाइप सोडून एखाद्या झाडाला पाणी घालायचं, एखाद्याला नाही. का, ते सांगायचं नाही. आमच्या ह्यांनी त्याचं नाव नाडीवैद्य ठेवलं आणि ते सगळ्या वसाहतीत चिकटलं. मला ते वैद्यकी वगैरे काही पटलेलं नव्हतं. कामचुकार मुलंही पुस्तकात बोट घालून बसतात.

पंपाच्या शेजारी एक खोली आहे, तिथं तो आईला घेऊन राहायचा. म्हातारीला एका डोळ्यानं थोडं अंधुक दिसायचं, दुसरा कधीचाच गेला होता. त्या खोलीतली प्रत्येक वस्तू ठरल्या जागी. चूल उजवीकडे चार पावलांवर, दाराबाहेर उंबऱ्यापासून वाळत घालायची दोरी सात पावलांवर. कोणी खुर्ची इकडची तिकडे केली तर ती कुणावर ओरडायची नाही, नुसती जागच्या जागी थांबायची.

त्या उन्हाळ्यात नाडीवैद्यानं नऊ दिवसांची रजा मागितली. सतरा वर्षांतली पहिली. आईच्या उरलेल्या डोळ्याचं ऑपरेशन करायला दुसऱ्या गावी जायचं होतं. आमचे सेक्रेटरी, म्हणजे तिसऱ्या इमारतीतले निवृत्त कस्टमवाले, यांनी रजा दिली आणि वसाहतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक निरोप टाकला: 'माळी रजेवर आहे. सर्वांनी बागेकडे लक्ष असू द्यावे, विशेषतः अनंताकडे.' फाटकाच्या चढापासून खाली आमच्या इमारतीच्या पायऱ्यांपर्यंत अनंताची अकरा झाडं होती, तीन वर्षांची, ऐन कळ्यांवर आलेली. निरोपाला अठ्ठेचाळीस अंगठे आले. अंगठा दाखवणं म्हणजे काही न करणं, असा माझा अनुभव. तेव्हा दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला मीच भाज्या धुतलेल्या पाण्याची बादली घेऊन लिफ्टनं खाली उतरले आणि पायऱ्यांजवळच्या पहिल्या तीन झाडांना घातली. ग्रुपवर टाकलं नाही. झाडाला तांब्याभर पाणी घालून फोटो टाकणाऱ्यांतली मी नव्हे.

दहाव्या दिवशी तो परतला. ऑपरेशन फसलं होतं. म्हातारी थोडंफार बघत गेली आणि काहीच न बघता आली. त्यानं हे कोणाला सांगितलं नाही. तिचा हात भिंतीवरून सरकताना दिसला तेव्हा आम्हाला कळलं. मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण वाईट वाटणं वेगळं आणि लक्ष ठेवणं वेगळं.

परतल्याच्या पहिल्या सकाळी मी चहाचा कप घेऊन दुसऱ्या मजल्याच्या बाल्कनीत बसले. नाडीवैद्य पहिल्या अनंतापाशी बसला, बोट घातलं आणि बराच वेळ तसाच राहिला. मग दुसरा, तिसरा, करत करत अकरावा. मग उठला, पाइप ओढत हिरवळीकडे गेला, हिरवळीला पाणी दिलं, कुंपणाच्या मेंदीला दिलं. अनंतांना थेंब नाही. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. म्हटलं, आलं लक्षात. आईच्या दुखण्याचं निमित्त करून याचं मन कामावरून उडालेलं आहे. मी शंभर पानी वही काढली, तारीख, वेळ आणि शेरा असे तीन रकाने आखले आणि पहाटेची बादली चालूच ठेवली. माळी आळशी, म्हणून झाडानं का मरावं?

"तू बादली घालतेस हे त्याला सांग की," हे म्हणाले.

"मग तो सावध होईल. पुरावा बिघडतो."

"आणि बादलीनं बिघडत नाही?"

ह्यांना असे प्रश्न सुचतात, म्हणून ते कधी पर्यवेक्षक झाले नाहीत.

पंधरा दिवसांत पानं पिवळी पडायला लागली. आधी खालची, मग मधली. कळ्या न उमलताच गळायच्या, सकाळी वाटेवर त्यांचा सडा. संध्याकाळी बाकावर तळमजल्यावरचे बँकवाले आणि दातांच्या डॉक्टरीणबाई बसायच्या. बँकवाले म्हणायचे, "झाडं तहानेनं मरतायत हो." डॉक्टरीणबाई म्हणायच्या, "या माणसाला पाझर कसा फुटत नाही." मी मान हलवायची आणि घरी येऊन वही भरायची.

वहीतले काही शेरे मला आजही पाठ आहेत. 'अनंतांना पाणी नाही.' 'बुंध्याशी टाकलेला पाचोळा काढून नेला. आता ऊन थेट मुळांवर.' 'झाडांभोवतीची माती उकरली.' आणि सगळ्यात भारी: 'रांगेच्या कडेनं चर खणला. उतार गटाराकडे. म्हणजे चुकून कोणी पाणी घातलंच तर तेही वाहून जावं अशी व्यवस्था.' हे लिहिताना मला, खोटं कशाला बोलू, आनंद झाला होता. चोर पकडल्याचा आनंद दुसऱ्या कशात नाही.

एकदा मी त्याला समोरासमोर गाठलं. मी सगळ्यांना अहोजाहो करते, चोरालासुद्धा.

"अनंतांना पाणी का घालत नाही तुम्ही?"

"ओल आहे, बाई."

"तुम्ही घालत नाही तर ओल येते कुठून?"

तो माझ्याकडे बघत राहिला. नेहमीपेक्षा जरा जास्तच. "तेच मीही बघतोय," म्हणाला.

मी हे उद्धट उत्तर म्हणून वहीत नोंदवलं. वर, बागसमितीत असल्यामुळे, सेक्रेटरींच्या कानावरही घातलं. तर सेक्रेटरी म्हणाले, "माझ्याकडेही आला होता. म्हणे, अनंतात ओल फार झालीय. मी म्हटलं, मग पाणी घाल ना बाबा." त्यांनी काय ऐकलं आणि काय उत्तर दिलं, हे त्यांचं त्यांना ठाऊक.

त्यानंतर आठवड्याभरानं मी पहाटे बादली घेऊन उतरले तर हा पंपाजवळच्या नळावर तोंड धूत उभा. त्यानं बादलीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "जिना धुवायला," मी म्हणाले. आमच्याकडे लिफ्ट आहे आणि जिना धुवायला बाई येते. तो तोंड पुसून आत गेला. मला वाटलं, हा माझ्यावर पाळत ठेवतोय. दिवसभर मनातून गेलं नाही.

आणि मग सर्वसाधारण सभा लागली. रविवारी सकाळी दहा वाजता, दुसऱ्या इमारतीच्या पार्किंगमध्ये, प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडून. विषय एकच: बाग ठेकेदाराला द्यायची, माळ्याला कामावरून काढायचं आणि महिनाअखेर पंपाची खोली रिकामी करून घ्यायची. ठेकेदार तिथं आपला माणूस ठेवणार होता. पुरावा म्हणून माझी वही वाचली जाणार होती, आणि वाचणार होते मीच.

नाडीवैद्य खांबाला लागून उभा होता, टोपी हातात. त्याच्या मागून, पार्किंगच्या उघड्या बाजूनं, पंपाची खोली दिसत होती. त्याची आई बाहेर कपडे वाळत घालत होती. दोरी चाचपायची, कपडा टाकायची, त्याचं टोक हातानं शोधून खाली ओढायची. घाई नाही, चुकणं नाही. मी तिकडे बघायचं टाळलं आणि वाचायला सुरुवात केली. सत्तेचाळीस नोंदी. आवाज खणखणीत. परीक्षेच्या सूचना वाचायचे तसाच.

वाचून झाल्यावर सेक्रेटरी म्हणाले, "बोल, काय म्हणणं आहे तुझं?"

"ओल होती," तो म्हणाला. दोनचार जण हसले. त्यानं हसणं संपू दिलं आणि विचारलं, "एक झाड काढून दाखवू का? तसंही ते गेलंय."

कोणी नाही म्हणेपर्यंत तो फावडं घेऊन फाटकाकडे गेलाही होता. शेवटचा, अकरावा अनंत त्यानं मुळासकट उचलला, पोत्यावर ठेवून ओढत आणला आणि आमच्या खुर्च्यांसमोर आडवा केला. मातीतून पाणी ठिबकत होतं. त्यानं दोन बोटांत एक मूळ धरून ओढलं तर वरची साल काळी होऊन हातात आली. फुलदाणीतलं पाणी आठ दिवस बदललं नाही तर येतो तसा वास पार्किंगभर पसरला. पुढच्या रांगेतल्यांनी नाकाला रुमाल लावले.

"पाण्यानं कुजलंय," तो म्हणाला. "सगळीच. म्हणून मी घालत नव्हतो. माती मोकळी केली, चर काढला. पण रोज ओलच."

बँकवाले एकदम ताठ झाले. "म्हणजे यानंच पाणी जास्त घातलं."

"बघा," सेक्रेटरी म्हणाले, "तरी मी म्हणत होतो."

आणि सगळ्यांना बरं वाटलं. मी तोंडं पाहिली ना. पाणी कमी घातलं तरी गुन्हेगार तोच आणि जास्त घातलं तरी तोच. कोणालाच आपली खुर्ची हलवायला नको. माझ्या मांडीवर मात्र वही उघडी होती. यानं सत्तेचाळीस दिवस त्या झाडांना थेंबभरही पाणी घातलेलं नाही, हे मी आत्ताच, खणखणीत आवाजात, सगळ्यांसमोर वाचून दाखवलं होतं. त्याला घालवायला लिहिलेल्या वहीत त्याची सुटका लिहिलेली होती, आणि ती माझ्याच अक्षरात.

"त्यानं नाही घातलं," मी म्हणाले. "नोंद आहे."

"मग घातलं कोणी?" सेक्रेटरींनी माळ्याला विचारलं.

तो झाडाकडे बघत राहिला. "मला काय ठाऊक," म्हणाला.

त्याला ठाऊक होतं. शेजारच्यानं कॉपी केलेली पाहिलेलं मूल कसं उभं राहतं, हे मला कोणी शिकवायला नको. खांदे आत, नजर बाकावर, आणि ज्यानं केलं त्याच्याकडे चुकूनसुद्धा बघायचं नाही. तो माझ्याकडे बघत नव्हता. मला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त भीती वाटली, की मी गप्प बसले तर कोणाला काहीही कळणार नाही आणि मी खरोखरच गप्प बसेन.

मी उठले. "पहाटे मी घालत होते. रोज एक बादली. पायऱ्यांकडच्या पहिल्या तीन झाडांना."

मी वाट बघत उभी राहिले. वर्गात एकानं उभं राहून कबूल केलं की दोन मिनिटांत दुसरा उठतो, मग तिसरा. उशीर होतो, पण उठतात. मी माना पाहिल्या. बँकवाले वाकून चपलेचा पट्टा नीट करत होते. त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून निघणारा निळा पाइप थेट पाचव्या झाडापर्यंत पोचतो, हे माझ्या तेव्हा, त्या क्षणी लक्षात आलं. डॉक्टरीणबाई मोबाइलमध्ये काहीतरी फार महत्त्वाचं शोधत होत्या. सेक्रेटरी विषयपत्रिका वाचत होते, जिच्यावर एकच विषय होता.

"हे झाड अकरावं आहे," मी म्हणाले. "माझी बादली तिसऱ्यापर्यंतच जात होती."

"पाणी जमिनीत पसरतंच की, बाई," बँकवाले चपलेशी बोलले.

माळ्यानं मान वर केली नाही. पाणसळ लावून ती रांग त्यानंच बांधली होती. तिसऱ्या झाडाचं पाणी चढावर अकराव्यापर्यंत कसं जाईल, हे तो एका वाक्यात सांगू शकला असता. तो बोलला नाही. मग मीही बसले.

ठराव मागं घेतला. नाडीवैद्य कामावर राहिला, खोली राहिली. बागसमितीतून माझं नाव कमी झालं आणि फाटकाशी फलक लागला: 'रहिवाशांनी परस्पर झाडांना पाणी घालू नये.' सभा संपल्यावर डॉक्टरीणबाई माझा हात धरून म्हणाल्या, "किती मोठं मन तुमचं." दुसऱ्या दिवशी मी लिफ्टमध्ये शिरले तर आतलं बोलणं थांबलं. एकट्या बाईनं अकरा झाडं मारली, एवढंच आता सगळ्यांच्या लक्षात राहणार होतं. इतरांवर मला संशय होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा तो शंभर टक्के बरोबर होता. पण नोंद एकाच माणसाची होती. बाकीच्या वेळी त्या झाडांपाशी कोण जातं, हे मी कधी बघितलंच नव्हतं. मी फक्त माळ्याच्या कामाच्या वेळा पाहत होते.

चार दिवसांनी मी खाली गेले. तो अनंतांच्या जागी खड्डे उघडे टाकून माती उन्हात पसरत होता.

"बोललात ते बरं केलंत, बाई," तो म्हणाला. "आईला नवी खोली शिकवणं आता जमलं नसतं. ही तिनं दिसत असताना पाठ केलेली."

"बाकीचे कोण कोण होते?"

"ते नका विचारू. मला इथंच राहायचंय."

तो फावडं चालवत राहिला.

"माझी बादली मात्र तुम्ही पाहिली होती."

"पहिल्या आठवड्यापासून."

"मग मला का नाही बोललात? सरळ सांगायचं, बाई, नका घालू. मी थांबले असते."

त्यानं फावडं टेकवलं. सांगावं की नाही, असा विचार करताना तो दिसत होता. "मला वाटलं, तुम्ही मुद्दाम घालताय."

"मुद्दाम?"

"झाडं जावीत म्हणून. पहाटे पाणी घालायचं आणि सात वाजता वही घेऊन वर बसायचं. मी विचारायला यावं तर तुम्हीच मला विचारलंत, ओल येते कुठून. मग नळावर म्हणालात, जिना धुवायला." तो कडवटपणे बोलत नव्हता, हिशेब समजावून सांगावा तसं बोलत होता. "मी आईला म्हटलं, या बाईंना आपण इथं नको आहोत. महिनाभर ती सामान बांधून बसली होती. रोज एक भांडं काढायची, रांधायची, धुऊन पुन्हा गाठोड्यात."

"मी झाडं वाचवायला घालत होते," मी म्हणाले. "तुम्ही घालत नाही असं वाटलं, म्हणून."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. अगदी सभ्यपणे.

"हो, बाई. तुम्ही म्हणता म्हणजे तसंच असेल."

त्याचा विश्वास बसला नव्हता. आणि मी त्याच्या जागी असते तर माझाही बसला नसता. खरं-खोटं सांगायला साक्षीदार म्हणाल तर एक आमचे हे, आणि नवऱ्याची साक्ष मी जन्मात कधी धरली नसती. मी काहीतरी आणखी बोलायला तोंड उघडलं, पण जे काही बोलले असते ते पकडलेल्या पोरानं सांगावं तसंच वाटलं असतं.

"जरा सरकता का?" तो म्हणाला. "तुम्ही उभ्या आहात तिथली माती उलटायचीय."

मी सरकले.